आसरांची जागा

कात्रज, पुणे
९ मार्च

दादा,

लिहू लिहू म्हणत पावसाळा गेला, थंडी गेली, आणि आता रस्त्यावर रसवंत्या लागल्या. ढकलायला कारणं मला कधी कमी पडत नाहीत, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत. आधी तुझा पत्ता नव्हता. मग पत्ता मिळाला तर पाकीट नव्हतं. पाकीट आणलं त्या दिवशी इथल्या सर्पोद्यानात अजगर बघायला गेलो आणि तिथंच संध्याकाळ झाली. अजगर काही करत नाही. नुसता असतो. तरी माणूस बघत राहतो.

पत्ता आईनं त्या साडीच्या पार्सलवरून दिला. पार्सलचा कागद तिनं डाळीच्या डब्यात जपून ठेवलाय. सुरत, लेबर कॅम्प, गेट नंबर दोन. साडी मोरपंखी, काठ बारीक. ती नेसून आई गल्लीभर फिरली आणि घरी येऊन रडली. मला म्हणाली, सुखदेवला साडीतलं काय कळते, निवडली कोणं असंन? मी म्हटलं, दुकानदारानं.

तू नंबर बदललास आणि कोणालाच दिला नाहीस. भांडून गेला असतास तर बरं झालं असतं. समजूत कशाबद्दल काढायची ते तरी कळलं असतं.

तर मी पुण्यात आहे. हसू नको. मनालीला एका ढाब्यावर होतो, तिथून एका ट्रकवाल्याबरोबर खाली उतरलो आणि पुण्याच्या कडेला मांजरी गावात गोदामातली पार्सलं वाटायला लागलो. मांजरीत रस्त्याच्या एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला टॉवर. उसात मोर ओरडला की टॉवरमधले लोक मोबाईल घेऊन गॅलरीत येतात. असो. गेल्या सप्टेंबरात एक पार्सल घेऊन कात्रजला आलो आणि पावसात गाडी बंद पडली. गुडघाभर पाण्यातून ढकलत होतो, तेवढ्यात एका तळमजल्याच्या खिडकीतून आवाज आला, "अहो, ती होडी नाहीये. आत या."

ही मुक्ताई. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेली, सत्तरीच्या पुढची, गुडघे गेलेले आणि जीभ शाबूत. मला वाटलं चहा मिळेल. तिनं हातात बादली दिली. बादलीत पोळ्या, वर ताटली झाकलेली. म्हणाली, दोर बांधलाय, भिंतीवरून पलीकडे सोडा. शिडीवर चढून बघतो तर भिंतीपलीकडे वस्ती, आणि वस्तीत माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी. अलीकडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुक्ताईच्या चपला नुसत्या ओल्या झाल्या होत्या. पाऊस एकच आणि मधे एक भिंत. मी बरंच फिरलोय, दादा, पण असं काही बघितलं नव्हतं. आणि असली बाई तर नव्हतीच बघितली. बाकीच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या.

बादल्या सोडून झाल्यावर गेटवरची पाटी वाचली. निर्झर पार्क. तुझ्या त्या निळ्या टोपीवर हेच नाव होतं ना?

तेव्हापासून मुक्ताईच्या मागच्या खोलीत राहतो. तिची स्कूटर मी चालवतो आणि मागे बसून ती मला चालवते. बरा आहेस एवढं तरी कळव.

चेतन


२ एप्रिल

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे, मी कुठं लगेच लिहिलं होतं.

तुला गंमत सांगतो. मुक्ताई आणि मी सध्या ओढे शोधत फिरतो. पुण्यात ओढे फार, आणि सगळे लपवलेले. काल कोथरूडला गेलो होतो. तिथं एका चांगल्या सरळ रस्त्याला मधेच उगाच वळण आहे. मुक्ताई म्हणाली थांब, आणि खाली उतरून जाळीला कान लावून उभी राहिली. क्लासला जाणारी पोरं बघायला लागली तशी त्यांना म्हणाली, तुमचा फोन लागत नाही ना, बघतेय कुठं तुटलाय. खाली पाणी वाहत होतं. आवाज ऐकला मी. रस्ता वळतो तो ओढ्यामुळे, आणि वरती त्याचं नाव पण कोणाला माहीत नाही. तिचं आयुष्य टेलिफोनच्या तारांसाठी रस्ते खणण्यात गेलं. ती म्हणते, एकदा बुजवलं की आत काय आहे ते हे शहर आठ दिवसांत विसरतं.

परत येताना तिला डोंगराकडे तोंड करून उभं राहायचं होतं. तिथं आता पार वरपर्यंत इमारती चढल्यात. पूर्वी पाऊस पडला की डोंगर आधी पोटभर प्यायचा, मग सावकाश खाली सोडायचा, असं ती सांगते. आता वर सगळी फरशी. पडलं ते पाणी तसंच खाली येतं, आणि खाली त्याचा ओढा नळ्यात कोंबलेला. नळा तिनं बघितलाय. माणूस उकिडवा बसेल एवढा. सगळ्या डोंगराला तेवढा.

नळे कोणी टाकले हे मी तिला सांगितलं नाही.

भिंतीपलीकडे चंद्रभागामावशी राहते. वस्तीतली सगळ्यात जुनी. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, कुठला रं तू? म्हटलं, वर्ध्याचा. तर तोंडावर एकदम उजेड पडला तिच्या. "आमचा मुकादम बी वर्ध्याचाच. सुखदेव. वळखतो का?" मी म्हटलं, वर्धा मोठं आहे.

दादा, तुझ्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं रे. आम्हाला वाटायचं तू पुण्यात साइटवर होतास, मग दुसऱ्या साइटवर गेलास. इथं वस्तीत तुझं नाव काढलं की लोक चहा टाकतात. त्या मोठ्या पुराच्या संध्याकाळी तू काय केलंस ते मावशीनं मला हातवारे करून दाखवलं. शेवटच्या विंगच्या कामावरच्या काँक्रीट मिक्सरला दोर बांधून, दुसरं टोक स्वतःच्या कमरेला, आणि लाल हेल्मेट घालून घराघरात शिरलास. मावशीला पाठीवर घेतलंस तेव्हा ती तुला शिव्या देत होती कारण शेळी आत राहिली होती. तू शेळीसाठी परत गेलास. हे सांगताना ती आधी हसते, मग पदर लावते डोळ्याला. तू गेल्यावर ती वाट बघत राहिली. म्हणते, पोरगं सांगून गेलं असतं तर डबा दिला असता.

मी तिथं बसून सगळं ऐकतो आणि तोंड बंद ठेवतो. छाती मात्र फुगते. आता तुला खरं विचारायचं ते विचारतो.

त्या पुरात जुनी भिंत पडली. सोसायटीनं नवी बांधली, जुनीपेक्षा मजबूत. कोणी तरी इंजिनिअर म्हणाला की ओढा जिथं आत शिरतो तिथं भगदाड ठेवा, म्हणजे पाणी वस्तीत तुंबणार नाही, नळ्यातून पुढे जाईल. जागा कोणती? बिल्डरची कंपनी बंद पडलेली. नकाशात ओढा म्हणजे बोटाएवढी जाड निळी रेघ. शेवटी मावशीला बोलावलं. तिनं गेटजवळच्या साती आसरा दाखवल्या. ते शेंदूर लावलेले सात दगड. पाण्याच्या देवता त्या, ओढ्याच्या काठीच असणार. वस्तीतल्या बायका दरवर्षी पाऊस सरल्यावर तिथं ओटी भरतात. तर तिथं भगदाड पाडलं. मागं खणलं तर नुसता मुरूम. नळा नाहीच. पुढच्या पावसात भगदाड कोरडं आणि वस्ती कमरेएवढी.

दादा, तो नळा कुठं आहे?

चेतन


२१ एप्रिल

दादा,

हे पत्र मुक्ताईनं पोचपावतीसह पाठवायला लावलंय. तिला वाटतं मी एका मैत्रिणीला लिहितो. म्हणाली, उत्तर येत नसेल तर निदान सही तरी येईल, सहीवरून बरंच कळतं.

जयंतीला इथल्या मिरवणुकीत गेलो होतो. ढोलापुढं नाचलो थोडा वेळ, मग एकदम तुझी आठवण आली आणि बाजूला होऊन बसलो. त्या वर्षीची जयंती आठवते? तू पुण्याहून आला होतास, पांढरा शर्ट, नवीन घड्याळ. जेवताना तू हसत हसत सांगितलं होतंस की साइटवर सात दगड होते, शेंदूर लावलेले, आणि एकही मजूर त्यांना हात लावायला तयार नव्हता. पाण्याच्या बाया आहेत, कोप करतात, म्हणे. काम अडलं. साहेब ओरडायला लागला. मग कोणी तरी म्हणालं, मुकादमाला सांगा, त्याच्या घरी देव नाहीत. आणि तू म्हणालास, मी हलवतो.

सगळे हसले. आई हसली नाही. तिनं विचारलं, कसे हलवले? तू म्हणालास, एकेक उचलून नेले. ती म्हणाली, आपला देव नसला तरी दुसऱ्याची आई आहे ती, धुऊन पुसून ठेवल्या का? तू म्हणालास, हो ना आई, धुतल्या, त्याच क्रमानं ठेवल्या, तोंडं पण त्याच दिशेला केली, आणि खालची माती दाबून घेतली. आईनं तेव्हा तुझ्या ताटात भात वाढला. मला सगळं लख्ख आठवतंय, कारण मला तुझं घड्याळ हवं होतं.

दादा, तू इतकं नीट ठेवलंस की कोणाला कळलंच नाही. पत्र्याचं कुंपण कितीतरी दिवस होतं म्हणे, आणि निघालं तेव्हा आत ओळखीचं काही उरलं नव्हतं. उंबराचं झाड नाही, उतार नाही, सगळीकडे भराव घालून सपाट केलेलं. मावशी सांगते, तिला आपलाच गाव सापडेना. ओळखीच्या फक्त आसरा. त्या दिसल्या आणि तिचा जीव भांड्यात पडला. तिनं तिथं ओटी भरली. मग इंजिनिअरनं विचारलं तेव्हा तिनं छातीठोकपणे तिथंच बोट दाखवलं. दगड कसेतरी वाकडेतिकडे टाकले असतेस ना, तर तिला शंका आली असती.

म्हणून गेलास का तू? पूर ओसरल्यावर त्या भगदाडाची चर्चा सुरू झाली, तेव्हा तू इथंच होतास, मला वस्तीत कळलं. मावशी बोट दाखवत होती तेव्हा तू तिथं उभा होतास का? मी हे कोणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही.

आता घाई आहे ती ऐक. सोसायटीचे चेअरमन बापूराव म्हणून आहेत. वाईट माणूस नाही, पण बोलतो असा की जणू शब्दाला टॅक्स बसतो. ते मुक्ताईला म्हणाले, "भिंत मी एकदाच फोडणार. जागा दाखवा, फोडतो. नाही दाखवलीत तर आहे ते भगदाडही बुजवतो." पावसाच्या आधी मिटिंग आहे. ते भगदाड उंचावर आहे, पण पाणी फार चढलं तर निदान तिथून थोडं निघेल. तेही बुजलं आणि डोंगरावरून पाणी आलं तर वस्तीत ते कमरेवर थांबेल असं मला वाटत नाही. मावशीला पाठीवर घ्यायला या वेळी मीच आहे, आणि माझी पाठ तुझ्यासारखी नाही.

मुक्ताईला नुसतं नळ्याचं तोंड मोकळं करून भागायचं नाही. तिला पार्किंग उकरून ओढा उघडा करायचाय, तो पण स्वतःच्या खिडकीखालून. तळमजला तिचा. घरात पाणी शिरायचं झालं तर पहिलं तिच्या. लोक म्हणतात डोकं फिरलंय. तिनं नोटीस बोर्डावर कागद लावलाय: "ओढा हा या सोसायटीचा भाडेकरू नाही. तो आपल्या आधीपासून इथे राहतो. त्याला नोटीस देता येत नाही. – मुक्ता, तळमजला." खाली कोणी तरी पेन्सिलनं लिहिलं, मेंटेनन्स भरतो का? तिनं त्याखाली लिहिलं, दरवर्षी वसूल करतो.

एवढंच कर. आसरा आधी कुठं होत्या ते एका ओळीत लिही. मी म्हणेन मीच शोधली जागा. तुझं नाव कुठंच येणार नाही.

चेतन


११ मे

दादा,

पोचपावती आली. सही तुझी नाही. "निकिता" एवढंच, अक्षर गोल, खाली रेघ. मुक्ताईनं ती चष्मा वर करून बघितली आणि मला म्हणाली, तुझ्या मैत्रिणीचं अक्षर छान आहे. कॅम्पात पत्रं घेणारी कोणी बाई असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण तिनं घेतलं म्हणजे तू तिथंच आहेस.

तुला न विचारता एक गोष्ट केली. रागावणार असशील तर इथं येऊन रागाव.

मिटिंग जवळ आली आणि तुझी ओळ काही येईना. मी स्वतः शोधायचा प्रयत्न केला. दोन दिवस पहार घेऊन भिंतीकडेनं ठोकत फिरलो, जिथं पोकळ आवाज येईल तिथं खूण. एका जागी आवाज पोकळ आला म्हणून खणलं तर कुत्रीनं केलेलं बीळ निघालं, आत चार पिल्लं. एक पिल्लू आता मुक्ताईच्या पायपुसण्यावर झोपतं. बापूरावांनी त्याला ठेवायची परवानगी दिलेली नाही, पण दूध तेच आणतात.

शेवटी मावशीकडे गेलो. ती दारात लसूण सोलत होती. मीही बसलो सोलायला. म्हटलं, मावशी, तो सुखदेव मुकादम माझा सख्खा भाऊ. तिनं मान वर पण केली नाही. म्हणाली, "ठावं हाय. तुझं नाक त्याचंच हाय." एवढे महिने तिला माहीत होतं! वाट बघत होती मी कधी सांगतो त्याची.

मग बाकीचं सांगितलं. दगड कोणी हलवले, का हलवले, आईनं काय विचारलं, तू कसे धुऊन ठेवलेस. आणि तू का गेलास असं मला वाटतं ते. सांगताना मी लसणाकडेच बघत होतो.

मला वाटलं आता शिव्या येणार, तुला आणि मला एकदमच. दरवर्षी तिनं ओटी भरली ती चुकीच्या जागी. साऱ्या गावासमोर बोट दाखवलं ते चुकीच्या जागी. त्या बोटावर वस्तीनं विश्वास ठेवला, आणि नंतर वस्तीतल्याच काही बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या होत्या, हे मला आत्ता कळलं. म्हातारीला चळ लागला म्हणायचे.

ती उठली. आत जाऊन पाणी पिऊन आली. मग म्हणाली,

"दगूड त्यानं हलवलं. बोट तर माझं व्हतं ना? मग त्यो एकटाच कशापायी पळाला?"

दादा, मी ऐकत होतो आणि माझ्या हातातला लसूण तसाच राहिला. मी जगात पुष्कळ माणसं बघितली, डोंगरात बघितली, समुद्रावर बघितली. चूक अशी पुढं होऊन अर्धी वाटून घेणारं माणूस नाही बघितलं.

मग ती चिडली, पण वेगळ्याच गोष्टीवर. म्हणाली, त्यानं मला पाठीवर आणलं, शेळी आणली, आणि एवढी गोष्ट सांगायला भ्याला व्हय? मी म्हटलं, मावशी, तो तुम्हाला जागा लिहून कळवेल. तर म्हणाली, लिहून चालायचं न्हाय. "आसरा ज्यानं नेल्या त्यानंच माघारी आणायच्या. दुसऱ्यानं हात लावला तर मी लावू देनार न्हाय. त्याला म्हनावं ये."

आता तिच्या या म्हणण्यात देव किती आणि तुला बघायची इच्छा किती, ते तूच ठरव. मुक्ताईनं ऐकलं तेव्हा म्हणाली, प्रक्रिया अगदी बरोबर आहे, ज्यानं जोडणी बदलली त्यालाच बोलवायचं असतं, आमच्या खात्यातही तेच होतं.

तर आधीच्या पत्रातली एका ओळीची गोष्ट रद्द. नाव लपवायची पण रद्द. तू ये. मिटिंग चोवीस तारखेला, रविवारी.

चेतन


२४ मे, रविवार

दादा,

तू आला नाहीस. गाडी सकाळी येते, मी स्टेशनवर जाऊन बघून आलो. तरी लिहितोय, कारण आज इथं जे झालं ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला बसवत नाही, आणि मुक्ताई स्वतःच त्यात असल्यामुळे तिला सांगून उपयोग नाही.

मिटिंग क्लब हाउसमध्ये ठरली होती. मुक्ताईनं सकाळी बोर्डावर दुसरा कागद लावला: "स्थळात बदल. भिंतीच्या पलीकडे. खुर्च्या आपापल्या आणाव्यात." लोकांना वाटलं गंमत आहे. पण बापूराव नियमाचे. नोटीस बोर्डावर लागली होती, म्हणजे बदल अधिकृत. ते स्वतःची घडीची खुर्ची काखेत घेऊन गेटमधून बाहेर पडले, वळसा घालून वस्तीत शिरले, आणि मागोमाग साऱ्या विंगमधले लोक. इतकी वर्षं एका भिंतीला राहतात, दादा, पण पलीकडे त्यातले बरेच जण पहिल्यांदाच आले. मावशीनं सतरंज्या टाकल्या होत्या. पोरंटोरं कुत्र्याच्या पिल्लाशी खेळायला लागली तेवढाच आवाज.

मुक्ताईनं फक्त भिंतीकडे काठी वर केली. भिंतीच्या या बाजूला पाण्याची रेघ आहे, गेल्या वर्षीची; भिंतीलगत जमीन सखल, म्हणून ती कमरेच्याही वर. चिखलाची, सरळ, जशी कोणी दोरी लावून मारलेली. आतल्या बाजूला भिंत पिवळ्या रंगाची आणि स्वच्छ. सगळे त्या रेघेखाली खुर्च्या टाकून बसले होते आणि रेघ त्यांच्या डोक्याच्या वर होती. एकानं वर बघितलं, मग दुसऱ्यानं. बापूराव उठून उभे राहिले. उंच आहेत ते. रेघ त्यांच्या छातीशी आली. ते म्हणाले, "ठराव वाचा."

ठराव मुक्ताईचाच. भिंत फोडायची, नळे काढायचे, पार्किंगमधून ओढा उघडा वाहू द्यायचा. एक-दोघांनी गाड्या कुठं लावायच्या विचारलं. बापूराव म्हणाले, माझी बाहेर रस्त्यावर लावतो, आजपासून. त्यावर मग कोण बोलणार? हात वर झाले. सगळे नाही, पण पुरेसे.

आणि मग तोच प्रश्न. जागा?

बापूरावांनी मशीनवाल्याला आजच बोलावून ठेवलं होतं. तो भिंतीपाशी येऊन उभा. बापूरावांच्या हातात फक्कीची पिशवी, रेघ मारायला. ते मावशीकडे बघतात, मावशी माझ्याकडे, मी रस्त्याकडे. मावशीनं उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं की मागच्या खेपेला मी दाखवलेली जागा चुकीची व्हती, आसरा हलवलेल्या व्हत्या, आणि ज्याला खरी जागा ठावं हाय तो येनार हाय. कोणी तरी विचारलं, कधी? ती म्हणाली, आज. एवढ्या खात्रीनं म्हणाली की मला तिची भीती वाटली. तो नाही आला तर दुसऱ्यांदा सगळ्यांसमोर खोटी पडणार होती ती, आणि ते तिला माहीत होतं.

बापूराव म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबतो. मशीनचं भाडं चालू आहे.

म्हणून मी आत येऊन हे लिहायला बसलो. तुला शिव्या द्यायच्या होत्या. दोन ओळी लिहिल्या होत्या त्या खोडल्या. तुला रागवायचं तरी कसं? मला या शहरात जे जे आवडलं ते तुझ्यामुळेच कळलं रे. तू माणसं पाठीवर आणलीस म्हणून मावशीनं मला दारात बसू दिलं. आणि तू दगड इतके जपून ठेवलेस म्हणून ही एवढी सगळी

थांब.

दारात कोणी तरी आलंय. बाई आहे. पाठीला बॅग, पाय धुळीनं भरलेले, बारीक काठाची साडी. मुक्ताईनं विचारलं, आपण कोण? तर म्हणाली, मी निकिता. सुरतेहून आले. सुखदेवची बायको.

दादा! आईची साडी कोणी निवडली ते मला आत्ता कळलं.

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊजी, तुमची पत्रं मीच वाचून दाखवली. एकही पूर्ण ऐकायचे नाहीत, मधेच उठून बाहेर जायचे. ते लसणाचं मात्र बसून ऐकलं. मग परत वाच म्हणाले."

तू कुठं आहेस विचारलं तर म्हणाली, डेअरीच्या स्टॉपवर. सकाळपासून बसलाय. पाय पुढं पडत नाही. म्हणाला, आधी तू जा, आणि म्हातारीला विचारून ये, मी आलो तर चालेल का.

मावशी मागच्या दारातून आत आली होती, सगळं ऐकलं तिनं. "इचारायचं काय त्यात," एवढंच म्हणाली आणि चपला शोधायला लागली. निकिताला जवळ ओढून तिच्या तोंडावरून हात फिरवला, कडाकडा बोटं मोडली, आणि विचारलं, जेवलीस का? उत्तराला थांबली नाही. निघालीच.

मुक्ताई हेल्मेट शोधतेय तेवढ्यात हे लिहितोय. म्हणते, स्कूटर काढ, तिला वाटेत गाठू. बापूराव खिडकीतून डोकावून गेले. म्हणाले, त्यांना सांगा फक्की तयार आहे, आणि मी एकदाच फोडणार.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, खिशात घालून आणतो. तू फक्त तिथून उठून जाऊ नकोस. मावशी पायी निघालीय.

चेतन